डाव्या अंगावरचं पाणी

कोसमगुडा, ता. एटापल्ली
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय गुणवंतराव काका यांसी,
सा. न. वि. वि.

उर्वशीताईंनी शाळा सोडायचं ठरवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून मोकळं करावं, असा अर्ज त्यांनी दिला आहे. ही ऐकीव गोष्ट नाही. मुख्याध्यापकांनी काल तो कागद मला दाखवला आणि म्हणाले, की तुम्ही दोघी एका खोलीत राहता, कारण तुम्हाला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी पुनम, वरोऱ्याची. ताईंसोबत याच आश्रमशाळेत चौथीला शिकवते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही लेकीला भेटायला इथे आला होतात, तेव्हा माझ्या दंडावरचं पांढरं शिबं बघून तुम्ही खिशातलं पेन काढलंत आणि मला डोळे मिटायला लावलेत. पेन टेकतं का सांग, म्हणालात. नंतर कळलं, की तुम्ही तेहतीस वर्षं कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात होतात आणि लग्नाच्या पंगतीतही लोकांचे हातपाय तपासता. इथला टॉवर महिन्यातले वीस दिवस मुका असतो आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, असं ताई सांगतात. तेव्हा पत्रच बरं.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली, तेव्हापासून ताई वेगळ्या झाल्यात. ताट, गिलास, वाटी वेगळी केली. वर नेलपॉलिशची खूण. झोपायची चटई दाराशी नेली. पूर्वी रविवारी साठ मुलींच्या वेण्या त्या एकट्या घालायच्या. आता एकीलाही हात लावत नाहीत. पाचवीची दुर्गा सवयीने त्यांच्या मांडीला टेकायला गेली, तर ताईंनी पट्टी उगारली. ताई आणि पट्टी! मुली दिवसभर कुजबुजत होत्या.

कलाबाई आमच्याकडे स्वयंपाक करतात. गावातल्याच माडिया आदिवासी बाई आहेत. खूण केलेली भांडी बघून त्यांनी मला विचारलं, की बाईले आता आमच्या हातचं चालत नाई का, सहा वर्षं चाललं ते. खरं सांगते काका, तो प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

आणखी एक. चालताना ताईंचा डावा पाय जमिनीला घासतो. विचारलं तर म्हणतात, चप्पल सैल झाली.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. माझ्यावर रागावू नका, एवढं मागून थांबते.

आपली,
पुनम


ब्रह्मपुरी
११ ऑगस्ट २०२४

चि. उर्वशीस,
अ. उ. आ.

येथील क्षेम. शेजाऱ्यांची रोवणी आटोपली, गुडघ्याएवढ्या पाण्यात धान उभा आहे. तुझी रुखमाआत्या परवा येऊन गेली. तिने माझ्या कानातलं यंत्र काढून पाहिलं आणि म्हणाली, की भाऊ, हे कानात ठेवून राह्यले की खिशात, मले तर फरकच दिसत नाई. मी म्हटलं, की तुझं बोलणं निम्मंच ऐकू येते, त्याचं सुख तुले नाई समजणार.

मी एकटा असलो तरी जेवण वेळेवर होतं. सकाळी कॉलेजच्या रस्त्याने एक फेरी मारतो. जुने लोक भेटतात. काही जणांच्या बोटांकडे अजूनही आधी लक्ष जातं, तोंडाकडे नंतर. तुझी आई यावरून भांडायची.

तू दोन महिन्यांत एकच पोस्टकार्ड टाकलंस आणि त्यात फक्त पावसाची बातमी. पाऊस मलाही दिसतो. तू कशी आहेस ते लिही. कोणाला काही दुखतं-खुपतं असेल, शाळेत काही अडलं असेल, तर विचार. इतकी वर्षं न विचारता लोकांच्या अंगणात शिरलो. आता मला कोणी काही विचारत नाही, याची सवय अजून झाली नाही.

उत्तराची वाट पोस्टमनपेक्षा मीच जास्त पाहतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा


कोसमगुडा
२० ऑगस्ट २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आत्याला सांगा, यंत्र खिशात ठेवायचं असेल तर आधी त्या खिशाला ऐकायला शिकवा.

मी बरी आहे. नाल्याला पूर होता, चार दिवस एटापल्लीची गाडी आली नाही. सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारे ट्रकसुद्धा अडकले होते, म्हणजे पाणी किती ते समजा. मुली खूश, कारण भाजी संपली आणि रोज डाळभात.

तुम्ही विचारायला सांगितलंत म्हणून विचारते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नाव नको, उगाच बोभाटा होईल. तिच्या डाव्या पायाला मे महिन्यापासून बधिरपणा आहे. ओला मोजा घातलेला असावा आणि तो काढताच येऊ नये, तसं वाटतं म्हणते. टाचणी टोचली तर कळतं, पण कोणीतरी दुसऱ्याला टोचल्यासारखं. अंगावर चट्टा नाही. पण चट्टा नसतो, नुसत्या नसेला धरतो, असाही प्रकार असतो असं तुम्ही सांगायचात. तो कसा ओळखतात? आणि अशा मुलीला वसतिगृहात इतरांबरोबर ठेवलं, तर किती धोका?

तिच्या घरी कळवलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

प्रकृतीला जपा. आशीर्वाद पुरून उरोत, एवढंच मागणं.

तुमची,
उर्वशी


ब्रह्मपुरी
२७ ऑगस्ट २०२४

चि. उर्वशीस,
अ. उ. आ.

तुझ्या वर्गातल्या मुलीबद्दल वाचलं. पत्र तीनदा वाचलं, कारण केस अर्धवट लिहिली आहे. एवढ्या माहितीवर आमचे साहेब रजिस्टर तोंडावर फेकायचे.

तेव्हा तिला विचार. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली नस चाचपली, तर दोरीसारखी जाड लागते का, दुखते का. भुवयांचे केस विरळ झाले का. बधिर जागा एकाच ठिकाणी आहे की सरकते, हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा गेलेली संवेदना आपोआप परत आली, असं कधी झालं का. गरम-थंड कळतं का. हातातून वस्तू पडते का, चालताना पाय घासतो का. आणि काही विचित्र वाटत असेल, सांगायला लाज वाटेल असं, तेही विचार. लोक तेच शेवटपर्यंत सांगत नाहीत.

इतरांना धोक्याचं म्हणशील, तर शिवल्याने, एका पंगतीत बसल्याने, वेणी घातल्याने हा रोग होत नाही. औषध सुरू झालं की पसरायचं थांबतो. हे वाक्य मी किमान दहा हजार वेळा बोललो असेन. तिला माझ्या नावाने सांग. तिला हेही सांग, की ताट वेगळं करायचं नाही. आणि तिने एकटीने बसून आपल्याच अंगावर पेन टेकवत राहू नये. डोळे आपलेच, हात आपलाच, तर ती तपासणी खोटी होते.

तिला कोणी आहे का तिथे जवळचं? नसेल तर तू जवळ बस.

वाट पाहतो आहे. वेळ लावू नकोस.

तुझा,
बाबा


कोसमगुडा
५ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आज शिक्षक दिन. मुलींनी रानफुलं आणली होती. मी टेबलावर ठेवा म्हटलं. त्यांनी ठेवली आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं लिहिते. नसा जाड लागत नाहीत. भुवया जशाच्या तशा आहेत. जुलैत पोटरीचा बधिरपणा तीन आठवड्यांत आपोआप उतरला. तिला वाटलं, सुटले. मग तो मांडीवर आला, मग बरगड्यांखाली. तिथे बधिर नाही, आवळल्यासारखं आहे. कोणीतरी ओलं लुगडं पिळून छातीभोवती गच्च बांधावं आणि गाठ मारून निघून जावं. श्वास घेता येतो, पण प्रत्येक श्वास त्या गाठीला विचारून.

विचित्र वाटतं ते विचारा म्हणालात. डाव्या मांडीवरून पाणी ओघळतं. परकर ओला झाला म्हणून ती भर वर्गात खाली बघते, तर कोरडा ठणठणीत. रानातल्या पायवाटेने सकाळी पहिलं कोणी गेलं, की कोळ्याचं जाळं तोंडाला लागतं ना, तसं डाव्या गालावर दिवसभर लागलेलं असतं. पुसून निघत नाही. कधी खाजकुयरी लागल्यासारखी आग होते आणि अंगावर एक पुरळ नसतं. आंघोळीचं गार पाणी उजव्या पायाला गार लागतं, डाव्याला कढत. आणि मान खाली घातली, वही तपासायला म्हणा, की मानेपासून गुडघ्यापर्यंत करंट जातो. झटका बसतो आणि संपतो. बघणाऱ्याला काही दिसत नाही.

सगळ्यात वाईट तेच आहे, बाबा. कोणाला काही दिसत नाही. ताप असता तर कपाळाला हात लावून कळला असता.

पाय घासतो. खडू पडतो.

ती एकटी असते. जवळ कोणी बसावं असं तिला वाटत नाही.

तुमच्या कृपेची नेहमीच गरज असलेली,
उर्वशी


ब्रह्मपुरी
१३ सप्टेंबर २०२४

माझ्या उर्वशीस,
अ. उ. आ.

दहा वर्षांच्या पोरी वह्या तपासत नाहीत.

पहिल्या पत्रापासून मला ठाऊक होतं. कसं, ते विचारू नको. तुला थेट विचारलं असतं तर तू पुन्हा पावसाची बातमी पाठवली असतीस, म्हणून त्या मुलीशीच बोलत राहिलो. मलाही आधी तेच वाटलं जे तुला वाटलं. तेहतीस वर्षं एकच रोग पाहिला की जगात दुसरा दिसत नाही.

पण आता नीट वाच. हा तो नाही. कुष्ठरोगातली गेलेली संवेदना तीन आठवड्यांत आपोआप परत येऊन बरगड्यांवर चढत नाही. मान वाकवली म्हणून करंट जात नाही. त्याला पाणी ओघळत नाही. माझ्या रजिस्टरमध्ये हे कुठेच बसत नाही. हे वरचं काहीतरी आहे, मेंदूचं किंवा पाठीच्या कण्यातलं. मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नको. नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. आदेशचा मुलगा तिथे शिकतो, त्याने तीस तारखेची वेळ घेऊन ठेवली आहे. आदेश म्हणजे माझ्यासोबत सर्व्हेला असायचा तो, तुला गूळ द्यायचा.

आता दुसरं. हे लिहायला मी तीन कागद फाडले.

तू ताट वेगळं केलंस, चटई दाराशी नेलीस, पोरींना लांब ठेवलंस. हे तुला कोणी शिकवलं? सभेत मी रोग्याच्या गिलासातून पाणी प्यायचो. लोक टाळ्या वाजवायचे. वर्तमानपत्रात एकदा फोटो आला होता, तुझ्या आईने कापून ठेवला होता. आणि शनिवारी घरी आलो की मागच्या दाराने विहिरीवर जायचो. कपडे फिनेलच्या बादलीत. डोक्यावरून आंघोळ. तू सहा वर्षांची, दोन्ही हात वर करून धावत यायचीस आणि मी ओरडायचो, की थांब, शिवू नको मले. तू जागच्या जागी थांबायचीस, हात तसेच वर. आंघोळ करून येईपर्यंत तू खेळायला निघून गेलेली असायचीस.

गरज नव्हती, हे मला पुस्तकातून पाठ होतं. तोंड मानत होतं, हात मानत नव्हते. पुढे तू यायचीच थांबलीस आणि मला सोयीचं वाटलं. तुझी आई म्हणायची, की पोरगी पराई होऊन राह्यली तुमाले. मी म्हणायचो, की शहाणी होऊन राह्यली.

सभेतलं माझं भाषण तू कधी ऐकलं नाहीस. विहिरीवरचं मात्र दर शनिवारी पाहिलंस. तेच तू आज त्या पोरींना करून राह्यली.

ये. मी ब्रह्मपुरीच्या स्टँडवर असेन.

माया कमी दिसली, ती कमी नव्हती. एवढं मानून घे.

तुझा,
बाबा


कोसमगुडा
२२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हे सगळं पुनमने लिहिलं असणार. तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच भांडण काढलं. म्हणाली, की ताई, तुम्ही अबोला धरला तरी मले काही फरक नाई पडत, तीन महिन्यांपासून तुमी कुठी बोलून राह्यल्या होत्या.

तुम्ही विहिरीचं लिहिलंत. मला फिनेलचा वास आठवतो. लहानपणी मला वाटायचं, बाबांचा वास असाच असतो. इथे संडास धुवायला फिनेल येतं. पहिल्या वर्षी बाटली उघडली आणि घरची आठवण येऊन रडले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगून हसू झालं असतं.

रागावले का? रागावले. शहाणी म्हणालात ते वाचून जास्त. पण सगळं तुमच्या अंगावर टाकून मोकळी होणार नाही. मी अर्ज दिला त्याचं कारण वेगळं होतं, ते ऐका. माझं निदान झालं असतं, तर तुमच्या खात्याच्या नियमाने संपर्कातल्या सगळ्यांची तपासणी. साठ मुली ओळीने उभ्या. दुसऱ्या दिवशी साठांचे बाप दारात. दुर्गाच्या बापाला ती शाळेत ठेवायला राजी करायला मला दोन पावसाळे लागले होते. नेलेली मुलगी परत येत नाही, बाबा. तिचं लग्न होतं. म्हणून आधी गुपचूप निघून जायचं, मग कुठेतरी लांब तपासून घ्यायचं, असं ठरवलं होतं. धोका पसरू नये म्हणून हात आखडला आणि मुलींना वाटलं, बाई आपल्यावर रागावल्या. कलाबाईंना वाटलं त्याहून वाईट. ते मला परवा पुनमने सांगितलं. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

पण बाबा, तुमचं हे तंत्रज्ञाचं मत. खात्री नाही. खात्री होईपर्यंत मी चटई हलवणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या.

आणि ते नसेल तर काय असेल, याची भीती आता जास्त आहे. त्या रोगाचं नाव तरी मला माहीत होतं.

एकोणतीसला सकाळच्या गाडीने निघते. स्टँडवर या, पण पेन घरी ठेवून.

आशीर्वाद द्यालच, तरी मागते.

उर्वशी


नागपूर
१० ऑक्टोबर २०२४

चि. पुनमस,
अनेक आशीर्वाद.

तुला कबूल केल्याप्रमाणे कळवतो. काल दुपारी मेंदूच्या डॉक्टरबाईंनी निदान पक्कं केलं. कुष्ठरोग नाही. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं. मला ऐकू येत नाही म्हणून बाईंनी माझ्या वहीत स्वतः लिहून दिलं. मेंदूतल्या आणि कण्यातल्या तारांवर वेष्टण असतं. शरीराची राखण करणारी फौजच चुकून त्या वेष्टणावर चाल करून जाते. तार उघडी पडली की चुकीचे निरोप जातात. कातडी ठणठणीत असते, पण निरोप येतो पाण्याचा, आगीचा, जाळ्याचा.

मी वहीत विचारलं, की पसरतो का. बाईंनी मोठ्या अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मुळातून बरा होतो का, हेही विचारलं. त्यावर एकदम ‘नाही’ असं लिहिलं नाही, पण अर्थ तोच. झटके कमी करायची औषधं आहेत, ती घ्यायची. काही जण वर्षानुवर्षं चालते-फिरते राहतात. उर्वशीचं कसं होईल ते आत्ताच कोणी सांगू शकत नाही. उन्हाळा तिला सोसणार नाही, हे मात्र आत्ताच सांगितलं.

पहिल्या दिवशी बाई कापसाच्या बोळ्याने तिची तपासणी करत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, की मॅडम, पेशंटचे डोळे नीट मिटलेले नाईत. बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आदेशचा मुलगा हसत होता. बाकावर बसून मी विचार करत होतो, की हजारो लोकांना मी डोळे मिटायला लावले. कोणाला कळत नसे तेव्हा मी रजिस्टरमध्ये फुली मारत असे. त्या माणसाला त्या क्षणी काय वाटत असेल, हे एकदाही विचारलं नाही.

पाच दिवस सलाईनमधून औषध दिलं. छातीची गाठ सैल झाली म्हणते. पाणी अजून ओघळतं. निदान ऐकून ती रडली नाही. गाडीवर चहा घेतला, तेव्हा माझ्या बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

पोरी, तुझ्या पत्रामुळे हे झालं. माझ्यावर रागावू नका म्हणाली होतीस. आमच्या घरी तुझं नाव आता वेगळ्या तऱ्हेने घेतात, एवढं सांगून थांबतो.

तुझा,
गुणवंतराव दोनाडकर


कोसमगुडा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

सुट्टी संपली, शाळा भरली. मी अर्ज मागे घेतला. मुख्याध्यापकांनी तो वर पाठवलाच नव्हता. म्हणाले, की बाई, इथल्या टपालाचं काम तुमाले ठाऊकच आहे, दिवाळीपर्यंत निघालंच नसतं. एप्रिलपर्यंत मी इथे राहीन. पुढच्या उन्हाळ्यापासून दवाखान्याजवळची शाळा मिळावी म्हणून बदलीचा वेगळा अर्ज केला आहे. प्रकल्प कार्यालय जानेवारीत कळवेल. म्हणजे जायचं आहेच, फक्त लपून नाही.

खूण केलेली भांडी मी स्वतः घासून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन कलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भात वैरत होत्या, वळून पाहिलं नाही. शेवटी म्हणाल्या, की रोग झाला असं वाटलं तर सांगाचं होतं, माझ्या सासऱ्याले तोच होता, मी त्याले भरवत होती. आमच्या हातावर काऊन ढकलली मग ती गोष्ट, तीन महिने? मी म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, की चुकलंच. मग एवढा भात वाढला की मुली हसायला लागल्या. त्या अजून पूर्वीसारख्या बोलत नाहीत. मी घाई करत नाही.

मुलींनाही सांगितलं. काय सांगायचं, मोठा प्रश्न होता. तारा, वेष्टण, फौज, काही पटेना. दुर्गाने विचारलं, की बाई, पाणी आत्ता ओघळून राह्यलं का. हो म्हटलं. तिने माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं, जमिनीकडेही पाहिलं. मग म्हणाली, दिसत तर नाई. इतक्या डॉक्टरांत असं सरळ कोणी बोललं नव्हतं.

रविवारी पुन्हा वेण्यांना बसते. साठ होत नाहीत, पंधरा होतात. डाव्या हाताला केस कळत नाहीत, म्हणून बघून बघून घालाव्या लागतात. वेण्या वाकड्या होतात. मोठ्या मुली माझ्याकडून घालून घेतात आणि आडोशाला जाऊन सोडून पुन्हा घालतात. मला दिसतं.

पण तुम्हाला खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. आधीपेक्षा एकटं वाटतं. तेव्हा वाटायचं, मीच सगळ्यांना दूर ठेवलं आहे, ठरवलं तर जवळ घेईन. आता सगळे जवळ आहेत. पुनम रोज पाय चोळून देते. आणि तिचा हात पोटरीवर फिरत असताना मला तिथे कढत वाळू लागते. तिला कसं सांगू? सांगितलं तर ती हात काढून घेईल. मी डोळे मिटून पडून राहते. या आजाराचं नाव इथे शंभर मैलांत कोणी ऐकलेलं नाही. जो आजार माझ्याकडून कोणालाच होणार नाही, तो सर्वस्वी माझाच राहिला. नागपूरला सुटकेचा वाटलेला डॉक्टरबाईंचा तो ‘नाही’ इथे येऊन असा निघाला.

आता कामाचं. इंजेक्शनं आठवड्याला एक. इथल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंनी लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायचं कबूल केलं आहे आणि पहिलं तुमच्यासमोर द्यायचं, असंही ठरलं आहे. बर्फाच्या डब्यातून तुम्ही आणणार, हे तुमच्या कार्डावरून कळलं. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, तुमची गाडी दुपारी दोनच्या सुमारास एटापल्लीला लागेल. मी स्टँडवर येते. कलाबाईंना बाजार आहे, त्या सोबत आहेत. डबा त्या घेतील, तुम्ही हट्ट करू नका.

एक सांगून ठेवते, म्हणजे तिथे गोंधळ होणार नाही. तुम्ही गाडीतून उतरलात की मी तुमच्याकडे येईन. धावता येत नाही, हळू येईन. तुम्ही डाव्या खांद्यावर हात ठेवलात तर तो तुमचा आहे हे मला समजणार नाही, काहीतरी भलतंच लागेल आणि मी दचकेन. तुम्हाला वाटेल, अजून रागावली आहे. म्हणून उजव्या खांद्यावर ठेवा. उजवा पूर्ण शाबूत आहे, तिथे सगळं जसंच्या तसं कळतं.

गुरुवारची वाट पाहणारी,
तुमची,
उर्वशी